बारा पट्ट्यांची फट

वहीत: पट्टी पहिली. फट ०.०५ मिमी. ठीक.

पट्टी म्हणजे इंजिनात पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी रोटरच्या खाचेत बसणारी वाकडी लोखंडी सील, नखाएवढी जाड. दोन रोटर, बारा पट्ट्या. कानशीने एक टोक घासायचं आणि कोपऱ्याशी फट ठेवायची. फट जास्त झाली तर ताकद गळते. कमी झाली तर तापल्यावर पट्टी फुगते, अडकते, आणि साडेसहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन एका झटक्यात जाम होतं. गाडी मग चालवणाऱ्याचं ऐकत नाही.

चालवणारी माझी भाची. शर्यत रविवारी.

वहीत: पट्टी दुसरी. ०.०५. ठीक.

फट मापायला तेवढ्याच जाडीचं पोलादी पातं असतं. डोळे मिटायचे आणि पातं सरकवायचं. लेक सासरी निघते तसं ते जायला हवं. नको नको म्हणत, पण जायला हवं. बोटाला कळतं.

पातं काही बोललं नाही. मी आकडा लिहिला.

वहीत: तिसरी ते अकरावी. ०.०५. ०.०५. (पुढे तेच.)

तीस वर्षं ग्राइंडर धरला. आधी करंगळी गेली, मग शेजारचं, मग सगळीच. बोटं आहेत जागेवर, पण दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, नसा. मी म्हटलं, बरं. घरी येऊन जेवलो. घाबरायला हवं होतं, ते काही जमलं नाही.

"मामा, वहीत हे लाल काय?" भाची. हिला सगळे भिंगरी म्हणतात.

"शाई असेल."

"शाईला बोटाचे ठसे असतात होय रे?"

कानशीने बोट सोललं होतं. मला पत्ता नव्हता. तिने चिंधी बांधली.

"दुखत नाही?"

"जुनं कातडं आहे."

"गेंड्याचं," ती म्हणाली, पण हसली नाही. "बारावी मी घासते. तू फक्त मापून सांग."

कानस चालली, थांबली. तिने रोटर पुढ्यात सरकवला, पातं हातात दिलं. मी डोळे मिटले.

"अडतं का?"

"अडतं. अगदी बेताचं. शिकलीस की."

"डोळे उघड."

खाच रिकामी होती. पट्टी तिच्या तळहातावर होती.

वहीत: बारावी.

ही पोरगी झोपेतही बोलते. आता तिने नुसती मूठ मिटली. मी पातं पुसलं. पुसायची गरज नव्हती.

"आणखी किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"अशा बोटांनी बांधलेली इंजिनं."

"तीन."

"कुठायत?"

"दोन फळीवर. एक लंबूकडे." लंबू माझं जुनं गिऱ्हाईक.

"लंबूचा आज सराव आहे, मामा."

"माहितेय."

"माहितेय?"

मी खिशातून फोन काढला.

चिंधीच्या बोटाने फोन उघडेना. तिने नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

फोनमध्ये इंजिन घोंघावत होतं. माझंच.

"मामा! शंभर वर्षं जगशील!" लंबू ओरडला. "आत्ताच म्हणत होतो, काय हात आहे म्हाताऱ्याचा! निघालोय बघ फेरीला."

"बंद कर."

"काय?"

"इंजिन बंद कर. पट्ट्या बरोबर नाहीत."

"चेष्टा करतोयस. लोण्यासारखं चाललंय."

"गार आहे तोवर चालेल. मला बोटांनी काही कळत नाही, लंबू. सहा महिने झाले. आकडे मी मनाने लिहिले."

मागे घोंघावणं चालूच होतं. भिंगरी माझ्या तोंडाकडे बघत होती, तिथे काही दिसतंय का ते शोधत असावी.

"चावी काढ. काढलीस का?"

घोंघावणं थांबलं.

"आता?" लंबूने विचारलं.

"आता ढकलत आण."