गच्चीवर वाळलेले चार थर

रविवारी दुपारी वहिनींनी फ्रिजचा खालचा कप्पा उघडला तेव्हा तिथे कोबी होता. आदल्या संध्याकाळी तिथे त्यांनी माती ठेवली होती. चार पिशव्या, प्रत्येकीचे तोंड दुहेरी गाठीने बांधलेले, प्रत्येकीवर खड्ड्याचा क्रमांक आणि थराची खोली लिहिलेली चिठ्ठी.

"आई, इथल्या पिशव्या कुठे गेल्या?"

"गच्चीवर." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शाबासकी मिळेल अशी त्यांची खात्री होती, पण ती मागून घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "किती ओल धरली होती. बुरशी लागली असती दोन दिवसांत."

वहिनी गच्चीवर गेल्या. कठड्याच्या कडेला वर्तमानपत्राचे चार कागद ओळीने पसरले होते. प्रत्येकावर एका थराची माती, बोटभरही जाड नाही, ढेकळे फोडून सारखी केलेली. कोपऱ्यांवर दगड, एका दगडाखाली त्या त्या पिशवीवरची चिठ्ठी. काम इतके नीटनेटके होते की वहिनींच्या मृदा खात्यातल्या कोणालाही नाव ठेवता आले नसते. ऊन कडक होते आणि माती पूर्ण वाळली होती.

त्यांनी तिसऱ्या कागदावरची चिमूट उचलली. काल जंगलात हीच माती लोण्यासारखी बोटांवर फासली गेली होती. आज ती पिठासारखी बोटांमधून गळून पडली. टाकीच्या नळाखाली हात धरून त्यांनी ती पुन्हा भिजवली. चिखल झाला. साधा, कुठल्याही अंगणात होतो तसा. कालची माती परत आली नाही, येणारही नव्हती.

वहिनींचे काम मातीचे वर्णन करणे आणि तिचा वर्ग ठरवणे. खात्यात, घरात, आणि दिराच्या मशीनवाल्या मित्रांतही त्यांना सगळे वहिनीच म्हणत. गावाबाहेरचा झाडीचा उतार यावेळी त्यांच्याकडे आला होता. त्याच्या मागे फार पूर्वी थंड पडलेला ज्वालामुखी होता. माथ्यावर पाण्याची मोठी टाकी बांधायची होती आणि तिथवर रस्ता न्यायचा होता. रस्त्याला दोन वाटा होत्या, एक या मऊ उतारावरून आणि दुसरी पलीकडच्या खडकाळ सोंडेवरून. जुन्या नकाशात उतारावर "साधी दुमट माती, यंत्रास योग्य" असे लिहिलेले होते. समिती त्यावर शिक्का मारणार होती, आणि शिक्का पडला की दुसऱ्या दिवशी खोदाईचे पहिले मशीन चढणार होते. ते मशीन वहिनींच्या दिराचे होते.

कालपासून वहिनींना नकाशातला तो शेरा खरा वाटत नव्हता, म्हणून त्या चार पिशव्या ओल्याच राहायला हव्या होत्या.

खाली आल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून चष्मा पुसत होता. तो खात्याच्या प्रयोगशाळेत होता. वहिनी माती आणत आणि तो तिचे आकडे काढत असे. लग्नाआधीपासून हेच चालले होते.

"तुझ्या आईंनी नमुने वाळवलेत."

नवऱ्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "सगळे?"

"सगळे. चिठ्ठ्यांसकट."

"चाळलेही असते," सासूबाई म्हणाल्या, "पण बारीक चाळणी सापडली नाही. कॉलेजात होतास तेव्हा तुझी माती कोण वाळवत होतं? गच्चीभर पसरलेली असायची. थर मिसळायचे नाहीत, चिठ्ठी उडू द्यायची नाही, सगळं तूच शिकवलंस मला."

"मीच शिकवलं," नवरा म्हणाला. "पण ती माती वेगळी होती, आई. ही राखेची आहे. ही एकदा वाळली की बदलते. मग किती पाणी घाला, पहिल्यासारखी होत नाही."

"मग फ्रिजवर लिहायचं होतं तसं."

सासूबाई कोबी घेऊन चिरायला लागल्या. एरवी त्या कोबी एवढा बारीक चिरत नसत.

दीर दारातूनच सगळे ऐकत आत आला. ऐन पंचविशीत त्याने मशीनची कॅबिन धरली होती आणि मशीनच्या लोखंडी बादलीच्या दाताने तो अंडेही न फोडता उचलतो असे त्याचे मित्र सांगत. "माती म्हणजे माती, वहिनी," तो म्हणाला. "ओली झाली की चिखल, वाळली की धूळ. त्या उतारावर मी पाहून आलोय. नुसती बादली टेकवली की आत जाईल. पंधरवड्यात काम उरकून मोकळा."

"तेच तर म्हणतेय. बादली इतकी सहज आत का जाते?"

"कारण देव दयाळू आहे."

"आणि मशीन आत गेलं तर?"

"तर तू आहेसच हात धरून बाहेर काढायला." तो हसला, पण सासूबाई हसल्या नाहीत. चिरायची सुरी क्षणभर थांबली होती.

वहिनींनी हिशेब मांडला. खड्डा कालच बुजवला होता. रानात खड्डा उघडा ठेवायचा नाही, जनावर पडते, असा नियम होता. बुजवलेल्या खड्ड्यातले थर एकमेकांत मिसळलेले, त्यांचा उपयोग नव्हता. नवऱ्याच्या दाबपात्रात माती किती पाणी धरून ठेवते ते काढायला आठवडा जातो, आणि समितीची बैठक त्याच्या पुढच्या आठवड्यात होती. म्हणजे नवा खड्डा उद्याच खणायला हवा. खात्याचे खणणारे दुसऱ्या कामावर गेले होते.

"उद्या मोकळा आहेस?" त्यांनी दिराला विचारले.

"माझंच काम बुडवायला मीच खड्डा खणू?"

"जा," सासूबाई म्हणाल्या. एवढेच.

वहिनी गच्चीवरची माती झाडून टाकायला निघाल्या तेव्हा नवऱ्याने अडवले. "राहू दे. चिठ्ठी लावलेला नमुना आमच्याकडे कोणी टाकत नाही." त्याने चारही थर वेगवेगळ्या डब्यांत भरले. त्यामागे काही योजना होती असे नाही, सवय होती.

सकाळी निघताना सासूबाईंनी वहिनींच्या हातात एक पिशवी दिली. आत चार जुने पंचे होते, भिजवून घट्ट पिळलेले. "त्यात गुंडाळून आण," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

उतारावर झाडे दाट होती आणि पायाखालची जमीन गादीसारखी दबत होती. पहिल्या खड्ड्यापासून थोड्या अंतरावर वहिनींनी खुणा केल्या. दिराने फावडे रोवले.

"मशीन आणलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं."

"मशीन आणायचं की नाही हेच ठरवायचंय."

"वाटलंच हे बोलशील."

तो कुरकुरत खणत राहिला, पण भिंत सरळ ठेवली. ती सवय त्याच्या हातातच होती. छातीइतके खोल झाल्यावर वहिनी खाली उतरल्या. त्यांनी चाकूने भिंत खरवडून ताजी केली, मोजपट्टी लावली आणि वरून खाली वाचायला लागल्या. वर कुजका पाला, मुळांचे जाळे. त्याखाली काळी, भुसभुशीत माती, हातात घेतली तर वजनच नाही. मग तपकिरी थर. आणि तपकिरीच्या खाली पुन्हा एक काळा पट्टा.

"हे काय? वरची माती खाली कशी?" दीर वाकून पाहत होता.

"ही जुनी वरची माती. कधीकाळी रान इथे होतं. मग डोंगराने पुन्हा राख टाकली, रान बुजलं. त्या राखेवर हे दुसरं रान आलं." त्यांनी काळ्या पट्ट्यातून डोंगराने फेकलेला एक सच्छिद्र खडा काढून पाण्याच्या बाटलीत टाकला. तो तरंगला.

मग त्यांनी तिसऱ्या थरातले एक ढेकूळ त्याच्या तळहातावर ठेवले.

"कसं आहे?"

"घट्ट. आणि हलकं."

"आता अंगठ्याने दाबून घास."

त्याने दाबले. ढेकूळ क्षणभर टिकले, मग एकदम खचले. अंगठा घसरला आणि बोटांच्या फटींतून पाणी आले. त्याने तळहात उलटसुलट करून पाहिला.

"पाणी कुठून आलं?"

"आतच होतं. ही माती पाणी धरून ठेवते, आणि धक्का बसला की सोडते. थोडा वेळ तशीच ठेवलीस तर पुन्हा घट्ट होईल."

दिराने हात पँटला पुसला. मग त्याने जे केले ते वहिनींनी सांगितलेले नव्हते. त्याने एक मोठे ढेकूळ कापून फावड्याच्या पात्यावर ठेवले, फावडे आडवे धरले आणि पहारीच्या बोथट टोकाने पात्याच्या कडेवर ठोकायला लागला. जोरात नाही. बारीक, सारखे, न थांबता. ढेकळाला चकाकी आली. कडा गोल झाल्या. मग ते पसरले आणि पात्यावरून ओघळून खड्ड्यात पडले.

त्याने पात्यावर उरलेला चिखल बोटाने निपटला.

"माझं मशीन नुसतं उभं असलं तरी असं थरथरतं," तो म्हणाला.

वहिनी खालच्या थराचा नमुना कापत होत्या.

"आणि मी वरच्या अंगाला उभा राहणार होतो. खालचं कापत." त्याने उताराच्या खाली नजर टाकली. खाली झाडी, झाडीच्या खाली पत्र्याची छपरे. मग नेहमीच्या सुरात म्हणाला, "पलीकडे नुसता खडक आहे, माहितीये ना? बादलीचे दात झिजतील माझ्या."

"दात नवे बसवता येतात."

"तुझ्या नवऱ्याला सांग बसवायला."

परतताना चारही पिशव्या ओल्या पंच्यांत गुंडाळून त्याने स्वतःच्या मांडीवर घेतल्या. गाडी वहिनींनी चालवली.

आठवड्याने वहिनी आणि नवरा मोठ्या मॅडमच्या खोलीत बसले. मोठ्या मॅडम म्हणजे खात्याच्या प्रमुख. समितीपुढे जाणारे प्रत्येक वर्गीकरण त्यांच्या सहीने जाई आणि सही त्या सहजासहजी करत नसत. त्यांनी वहिनींचे वर्णन वाचले, मग बाजूला ठेवले.

"वर्णन चांगलं आहे. पण बोटाला बुळबुळीत लागलं म्हणून रस्ता हलत नाही. जुन्या नकाशामागे प्रयोगशाळेचे आकडे आहेत. ते खोटे होते म्हणायचं का मी समितीला?"

"खोटे नव्हते," वहिनी म्हणाल्या. "पण त्या आकड्यांमागची माती..." आणि त्या थांबल्या. पुढचे सांगायला त्यांच्याजवळ पुरावा नव्हता. जुनी पाहणी करणारे आता कोणीच नव्हते.

नवऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मॅडम, मी दोन संच लावले होते. एक ओला आणलेला, एक वाळलेला. दोन्ही त्याच उतारावरचे, शेजारशेजारच्या खड्ड्यांतले, तेच चार थर."

मोठ्या मॅडमनी कागद घेतला. ओल्या संचातल्या मातीने, विशेषतः तिसऱ्या थराने, जवळजवळ दुप्पट पाणी धरले होते. वाळलेल्या संचाचे आकडे त्यांनी बोटाने एकेक करून जुन्या नकाशाच्या आकड्यांशी लावून पाहिले. थोडा इकडेतिकडे फरक सोडला तर तेच आकडे होते.

त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"म्हणजे त्यांनी वाळवून मोजली."

"नियमच तो होता," नवरा म्हणाला. "अजूनही आहे. आमच्याकडे आलेली प्रत्येक माती आम्ही आधी वाळवतो."

"शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही," मोठ्या मॅडम म्हणाल्या, "पण शीत त्याच भातातलं हवं. वाळवल्यावर ही मातीच दुसरी होते. आणि हा फरक हाच तिचा पुरावा." त्यांनी पेन उघडले, मग थांबल्या. "हा वाळलेला संच कुणी तयार केला? तुमच्या माणसांनी? थर वेगळे, चिठ्ठ्या जागच्या जागी, कुठे सरमिसळ नाही. मुद्दाम तुलनेसाठी करून घेतला?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिले.

"आईंनी केला," वहिनी म्हणाल्या. "गच्चीवर."

"मुद्दाम?"

"नाही मॅडम. फ्रिजमध्ये कोबीला जागा हवी होती."

मोठ्या मॅडमनी सही केली. वर्गाच्या चौकटीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले: ज्वालामुखीच्या राखेची वनमाती, अँडिसॉल. त्याखाली: कंपन करणारे जड यंत्र नेऊ नये. प्रयोगशाळेच्या नियमात "संशय असल्यास नमुना ओला राखावा" ही ओळ घालायला त्यांनी नवऱ्याला तोंडी सांगितले आणि दुसरी फाइल ओढली.

समितीने रस्ता सोंडेवर नेला. काम दिराकडेच राहिले. पंधरवड्याचे तीन महिने झाले म्हणून तो येईल जाईल त्याला ऐकवत असे. उतारावरचे रान आहे तसे राहिले.

सोंडेवरच्या कामाच्या पहिल्या दिवशी त्याने वहिनींच्या फोनवर आवाज भरून पाठवला. त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी तो सासूबाईंनाही ऐकू जाईल असा लावला. आधी इंजिनाची घरघर, मग बादलीचे दात खडकावर घासल्याचा कर्कश, अंगावर काटा आणणारा आवाज, आणि त्यावरून दीर ओरडत होता, "ऐका सगळे. तुमच्यामुळे."

"किती घासतंय ते," सासूबाई म्हणाल्या. "हे ऐकायला बरं वाटतं तुला?"

"हो."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "परत लाव," त्या म्हणाल्या, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यातला कोबी काढून वरच्या कप्प्यात सरकवला. वहिनी दुसऱ्या दिवशी नव्या खड्ड्यावर जाणार होत्या.