बदकाखालचा रंग

"आधी नमुना तपास, मग माल. माल खोटा निघाला तर एक लॉट जातो. नमुना खोटा निघाला तर सगळे लॉट जातात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही."

डाइंग मास्तरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. सूत रंगवायच्या खात्यात नवी लागले होते. रंगून आलेली सुताची लड शेडकार्डावरच्या नमुन्याशेजारी धरायची आणि जुळते की नाही ते सांगायचं, एवढंच माझं काम. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, काम मात्र तेच आहे. आता खात्यातला दोन पाळ्यांचा माल माझ्या होकाराशिवाय बाहेर पडत नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढे जे झालं त्याची लाज नीट कळावी म्हणून सांगते.

घरात आम्ही पाच जण. माझा धाकटा भाऊ इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. भावजय शाळेत विज्ञान शिकवते. त्यांची पाच वर्षांची भिंगरी, चौतीस दिवसांचं बाळ, आणि मी. माझं लग्न झालं नाही, त्याची हळहळ आता कुणाला उरलेली नाही, मलाही नाही. पहाटे उठायचं, जप पुरा होईतो कुणाशी बोलायचं नाही, मग बाळाचे लंगोट धुवायचे आणि कामावर जायचं.

लंगोटांवरून आमच्या घरात एक किस्सा आहे, तो पाहुणे आले की हटकून निघतो. भिंगरी वर्षाची असताना एका सकाळी तिचा लंगोट लालभडक दिसला. मी एरवी इतकी हळू बोलते की लोक "काय?" म्हणून दोनदा विचारतात, पण त्या दिवशी मी सगळा जिना गोळा केला. शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली. धाकट्याला अर्ध्या लिफ्टमधून खाली बोलावलं. डॉक्टरांनी पोरीचं पोट दाबून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काल काय भरवलंत?"

बीट. वाटीभर, किसून, माझ्याच हातांनी.

तेव्हापासून मी बीटआत्या. भिंगरी शाळेच्या फाटकातूनही मला त्याच नावाने हाक मारते, आणि पालक वळून बघतात.

सगळे हसतात, भावजय हसत नाही. त्या दिवशी अकरा वाजता तिची कायमच्या जागेसाठी मुलाखत होती. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, म्हणून आठ दिवसांनी मीच म्हणाले, "यापुढे मुलांच्या बाबतीत तू विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

"बरं होईल, ताई," ती म्हणाली.

तो शब्द मी चार वर्षं पाळला. बाळ झालं तेव्हा लंगोट धुवायचं काम मागून घेतलं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

लंगोट बदलायचं टेबल खिडकीशी आहे. त्याच्यावर भिंतीला एक कार्ड चिकटवलेलं. भिंगरीच्या वेळी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी दिलेलं. त्यावर नऊ चौकोन. वरचे चार पांढुरके आणि फिकट. त्यांच्याशेजारी लिहिलेलं, असा रंग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खालचे पाच पिवळे, हिरवे, तपकिरी, हे ठीक. भावजयीचा त्यावर फार विश्वास. "आपल्या भीतीला रंग कळत नाहीत," ती म्हणते. "कार्डाला कळतात." भिंगरीने चालायला लागल्या लागल्याच त्यावर चिकटचित्रं लावली होती: एका कोपऱ्यात फूल, पाचव्या चौकोनावर अर्ध्यात एक बदक.

बाळाची शी पहिले दोन दिवस डांबरासारखी काळी होती, ती तशीच असते. मग हिरवी झाली, मग मोहरी वाटल्यासारखी पिवळी. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र रंग उतरत चालला. एकदम नाही. आज जरासा, परवा आणखी जरासा. मी रोज ओला लंगोट कार्डाशेजारी धरायची. सहाव्याशी जुळायचा, मग पाचव्याशी जुळू लागला. पाचवा ठीकमधला. बाळाच्या डोळ्यांतला पिवळेपणाही जात नव्हता, पण अंगावरच्या दुधाच्या बाळांची कावीळ रेंगाळते असं सगळेच म्हणत होते. दूध तर ते हावरटासारखं प्यायचं. लघवीचे गडद पिवळे डाग लंगोटावरून निघेनात, तर मी साबणाला नावं ठेवली.

जपाला बसले की मणी पुढे सरकायचे, नाम मागे राहायचं. मिटल्या डोळ्यांपुढे तोच लोण्यासारखा रंग.

एकदा मी लंगोट घेऊन भावजयीच्या समोरून दोनदा गेले. तिने विचारावं म्हणून.

"काय झालं, ताई?"

"काही नाही."

"कार्डाशी ताडलंत?"

"पाचवा."

"मग झालं की."

धाकटा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "बीट नाही ना दिलंस बाळाला?" आणि स्वतःच हसला. मी बादलीत पाणी सोडलं.

चौतिसाव्या दिवशी कामावर एक पिवळा लॉट आला. लड नमुन्याशेजारी धरली, जुळली. बाजूला केली आणि पुन्हा बघितली, तर ती मला चुकीची वाटली. हाताला सवय असते. जुळणारा रंग चुकीचा वाटला की मी थांबते. स्टोअरकीपरना म्हटलं, काळ्या पाकिटात उजेडापासून जपलेलं जोडकार्ड द्या. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. एकच नंबर, आणि दोन वेगळे पिवळे.

"हे कार्ड उजेडात कुणी ठेवलं होतं?"

"मी," स्टोअरकीपर म्हणाले. "कपाट रंगवायला काढलं होतं ना. खिडकीत होतं. पंधराच दिवस हो, बाई. पंधरा दिवसांत असं काय उन्हाने खाल्लं?"

पंधरा दिवस. आणि आमच्या घरचं कार्ड खिडकीशी, पाच वर्षं.

माझ्या कामातली पहिली गोष्ट. मला कुणी झोपेत उठवून विचारलं असतं तरी मी सांगितली असती. आणि मी महिनाभर रोज सकाळी, माझ्या या नावाजलेल्या डोळ्यांनी, बाळाचा लंगोट त्या उडालेल्या रंगाशी जुळवत होते आणि 'ठीक' म्हणत होते.

पर्स घेऊन निघाले तर सुपरवायझर आडवे आले. "कुठे? पोटबिट बिघडलं का?"

"माझं नाही," मी म्हणाले, आणि जिना उतरले.

घरी भावजय बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होती. मी चपला न काढता सरळ टेबलाशी गेले आणि बदकाच्या कडेला नख लावलं.

"ताई? भर दुपारी कशा? आणि हे काय करताय? भिंगरी घर डोक्यावर घेईल, लाडकं बदक आहे ते तिचं."

"घेऊ दे."

हे मी जरा मोठ्याने म्हणाले असणार. ती उठून आली. बदकाची चोच निघाली, मग मान, मग सगळं सोलून माझ्या नखाला चिकटलं. त्याच्याखाली पाचव्या चौकोनात दुसरं एक बदक होतं, गडद, हळदीच्या रंगाचं. त्याच्याभोवती उरलेला चौकोन लोण्यासारखा.

"शब्द दिला होता, तो मोडतेय," मी म्हणाले. "नंतर काय बोलायचं ते बोल. पण बाळाची शी पाचव्याशी जुळत नाही गं. पाचव्याचाच रंग उडालाय. खरा हा आहे, आतला."

तिने बाळ माझ्याकडे दिलं. मी कामावर गेल्यानंतरचा एक लंगोट बादलीत धुवायचा पडला होता, तो काढला. आधी त्या हळदी बदकाशेजारी धरला. मग एकेक चौकोन वर नेला. शाळेत प्रयोग करताना ती अशीच उभी राहत असेल, ओठ घट्ट मिटून.

"वरचेही उडाले असतील," ती म्हणाली.

"पांढऱ्याचं काय उडणार?"

लंगोट तिसऱ्या चौकोनाशी थांबला. ती म्हणाली, "आज कितवा दिवस?"

"चौतिसावा."

ती खाली बसली, लगेच उठली, आणि चपला घालू लागली. एक तिची होती, एक धाकट्याची. जिन्यात माझ्या लक्षात आलं, पण मी सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी लंगोट पिशवीतून काढून खिडकीशी नेला. बाळाच्या पोटावर उजवीकडे बोटं फिरवली. तेवढ्यात धाकटा आला, हाताला ग्रीस तसंच. माझ्याकडे, मग लंगोटाकडे बघून त्याने डॉक्टरबाईंना हसून म्हटलं, "आमच्या ताईला जरा सवय आहे हो, मागे एकदा बीट..."

"गप्प बस," भावजय म्हणाली. त्याने तिच्या पायांतल्या चपला बघितल्या, आणि त्याचं हसू गेलं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला शाळेतल्यासारखं समजावलं. लिव्हरमधून पित्त आतड्यात उतरतं, शीला जो रंग येतो तो पित्ताचा. पिवळी, हिरवी, तपकिरी, कशीही असो, रंग आहे म्हणजे वाट चालू आहे. "लोक हिरवी दिसली की धावत येतात आणि पांढरट दिसली की दुधाची म्हणून घरी बसतात," त्या म्हणाल्या. वाट बंद असली की पित्त मागे तुंबतं, रक्तात चढतं, डोळे पिवळे राहतात, लघवी गडद होते. आणि तुंबलेलं पित्त लिव्हरलाच खात जातं.

"वाट बंदच आहे असं आत्ता म्हणत नाही. रक्त तपासू, कावीळ कुठल्या जातीची ते कळेल. पोटाची सोनोग्राफी करू. पण बंद असली तर ऑपरेशन करावं लागतं, आणि ते साठ दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. हे कुणाच्या लक्षात आलं?"

"ताईंच्या," भावजय म्हणाली.

"उशिरा आलं," मी म्हणाले. "जवळजवळ तीन आठवडे रंग उतरताना मी रोज बघत होते."

माझं बोलणं ऐकू यावं म्हणून त्या पुढे वाकल्या. "माझ्याकडे नव्वदाव्या दिवशीही आणतात. तुमच्या हातात दिवस आहेत. ते रडण्यात घालवू नका."

आम्ही रडलो, पण चालता चालता. मोठ्या रुग्णालयात आठवडा तपासण्यांत गेला. बाळाच्या इवल्या हातात सुई शोधायला तिघी लागायच्या. भिंगरी शेजाऱ्यांकडे राहिली. वाट बंद होती. बेचाळिसाव्या दिवशी ऑपरेशन ठरलं. सर्जन म्हणाले, बंद नळ्या काढून आतडंच लिव्हरला जोडायचं, म्हणजे पित्ताला नवी वाट. ती वाहील का, हे टाका घालून झाल्यावरही सांगता येत नाही. काही बाळांची वाहते, काहींची नाही. दूध सुरू झालं की शीचा रंग सांगेल.

बाळाला आत नेलं तेव्हा भावजय भिंतीला पाठ लावून उभी होती. धाकटा फॉर्मवर सही करायला गेला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, ऑपरेशननंतरची पहिली शी तुम्ही बघा. मी बघितली तर ती मला पिवळीच दिसेल, असो नसो. तुम्हाला जशी असेल तशी दिसेल."

"आणि फिकट असली तर?"

"तर फिकट म्हणा. देवाची इच्छा, धीर धर, असलं काही त्याला जोडू नका. फक्त रंग सांगा."

माझ्या तोंडी नेमकं तेच आलं असतं. मी ते गिळलं. "सांगेन," म्हणाले.

"आणि हा शब्द मोडू नका," ती म्हणाली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मुलाखतीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती माझ्याशी थट्टेत बोलली होती, आणि मला तेही सोसवेना.

ऑपरेशन सहा तास चाललं. पुढचे चार दिवस आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. बाळाच्या नाकात नळी, पोटावर मोठी पट्टी. तिसऱ्या दिवशी चमच्याने दूध सुरू झालं. तेव्हापासून वॉर्डाचं दार उघडलं की आम्ही तिघं एकदम मान वर करायचो आणि एकमेकांना दिसू नये म्हणून लगेच खाली घालायचो. धाकटा बाहेरच्या लिफ्टचा आवाज ऐकून "हिचा पट्टा सैल झालाय" म्हणायचा. दिवसातून दहा वेळा म्हणायचा. आम्ही ऐकून घ्यायचो.

पाचव्या दिवशी दुपारी तो बसल्या जागी झोपला, तोंड उघडं टाकून. भावजयीने डोळे मिटले होते. झोपली नव्हती; पायाचा अंगठा हलत होता.

दार थोडं उघडलं. सिस्टरने आवाज बारीक करून विचारलं, "दाराजवळच्या बाळाचं कोण? केलीये त्याने. टाकून देऊ, की बघायचीय कुणाला?"

"टाकू नका," मी म्हणाले. सिस्टरला ऐकू गेलं नसावं, कारण तिने भुवया उंचावल्या. मी उठून उभी राहिले.

भावजयीने डोळे उघडले नाहीत. तिचा हात तेवढा आला, माझ्या ओढणीचं टोक त्याने मुठीत धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि मग सोडलं.

मी चपला बाकाखाली सारल्या, नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि सिस्टरच्या मागून आत गेले.