एका टोपलीचे दोन वाटे

मी कॉलेजात सांख्यिकी शिकवते, आणि माझं गणित चुकलं असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. वेळणेश्वरच्या गुणवंतीने ते भर उन्हात, हातात मांदेलीची टोपली घेऊन म्हटलं, तेव्हाही फिरलंच.

प्रश्न साधा होता. मासळी लवकर कुठे वाळते, वाळूवर की कमरेएवढ्या उंच जाळीच्या माचीवर? माझ्या अहवालात फरक दिसला तर गावातल्या बायकांना मत्स्य खात्याकडून माच्या मिळणार होत्या. वीस वर्षं वाकून वाकून गुणवंतीची कंबर गेलेली, त्यामुळे तिचा सगळा जीव त्यात होता. चाचणीपुरती एक माची दिली होती. बारा दिवस, बारा टोपल्या. प्रत्येक टोपली अर्धी वाळूवर, अर्धी माचीवर. किती तास लागले ते ती भिंतीवर कोळशाने लिहून ठेवी.

मी सरासरी काढली. वाळूची साडेसोळा तास, माचीची पंधरा. मग दोन वेगळे गट धरून चाचणी लावली. आकडे दहापासून चोवीसपर्यंत पसरलेले, त्यांत दीड तासाचा काय पाड लागणार? अहवालात लिहिलं, लक्षणीय फरक नाही. तेच तिला सांगायला गेले होते.

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मॅडम, ढगाळ दिवसाचा म्हावरा उन्हाच्या म्हावऱ्यापुढं ठेवलाव काय?"

"सगळे आकडे एकत्र घेतले. तशीच पद्धत असते."

"मग आमी वाटे कशाला घातलाव? एका टोपलीचे दोन वाटे. त्यांचा त्यांच्यातच बगा की."

"वाटे तुम्हीच घातलेत. चांगली मासळी माचीवर टाकली असेल," मी फणकाऱ्याने म्हटलं.

ती हसली. "वाटे घालणारी वाटा उचलते काय कदी?"

तिने जावेला हाक मारली. मैना आली आणि आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभी राहिली. गुणवंतीने टोपलीचे दोन ढीग केले, एकावर बोट ठेवलं. "ह्यो कुठं?"

"वाळूत," मैना न बघता म्हणाली.

होडीवरची मासळी वाटताना इथे असंच करतात, म्हणजे कोणाला कुरकुरायला जागा राहत नाही. बाराही दिवस त्यांनी हेच केलं होतं, आणि मला वाटलं होतं जावाजावांच्या गप्पा चालल्यात.

मी तिथेच बसले आणि एकेका टोपलीची वजाबाकी करत गेले. दीड. दोन. एक. पावणेदोन. बारापैकी अकरा टोपल्यांत माची पुढे, एकीत बरोबरी. ढगाळ दिवस दोन्ही वाट्यांना सारखाच ढगाळ होता, वजाबाकीत तो उडूनच गेला. जोडीची ही चाचणी मी दरवर्षी फळ्यावर शिकवते! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या दोघींचं फार कौतुक वाटलं.

"फरक आहे," मी म्हणाले. "चांगला भक्कम आहे."

"तो हायच. तुमचा कागद कदी म्हणतो ता सांगा."

कागद त्याच संध्याकाळी बदलला. महिन्याभराने माच्या आल्या. मी गेले तेव्हा गुणवंती उभ्याने मांदेली उलटत होती. सवयीने तिचा डावा हात कमरेवर गेला. क्षणभर तिथे थांबला, आणि मग तोही मांदेली उलटायला लागला.