मारुतीच्या माथ्यावरचं छप्पर

जयतीर्थराव कट्टींना माणसं आवडत नसत असं नाही. लबाड माणसं आवडत नसत, आणि त्यांच्या मते हुबळीत दुसऱ्या प्रकारची उरलीच नव्हती.

एकतीस वर्षं त्यांनी सरकारी ओव्हरसियर म्हणून काढली. कलघटगीच्या रस्त्यावरची एक नवीकोरी मोरी त्यांनी पहारीनं उकरायला लावली होती, कारण चुन्यात चुना कमी आणि माती फार. त्यापायी बदली झाली, बढती हुकली, साहेबानं तोंडावर वेडा म्हटलं. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर सही केली नाही, एवढी एकच मिळकत घेऊन ते पेन्शनीत आले होते. तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

म्हणूनच जुन्या हुबळीतल्या मराठी दुकानदारांनी मारुतीचं नवं देऊळ बांधलं, तेव्हा छप्पर तपासायला त्यांना बोलावलं. साल एकोणीसशे छत्तीस, वैशाखाचं ऊन. देऊळ म्हणजे एक लांब सभागृह आणि त्याच्या टोकाला गाभारा, दोन्हींवर मिळून एकाच उताराचं छप्पर. शिखर पुढं केव्हातरी. छप्पर कौलांचं नव्हतं. कंत्राटदार पुंडलिक यानं मुंबईहून डांबरी पट्ट्या आणल्या होत्या. फळ्यांवर आधी अस्तराचा कागद घालायचा, त्यावर पट्ट्या एकीवर एक चढवून ठोकायच्या, आणि वरून डांबराचे तीन थर द्यायचे, असं करारात होतं.

हा पुंडलिक मोठा भाविक. कपाळाला गंध, गळ्यात तुळस, आणि समोर येईल त्याच्या पायाला हात. जयतीर्थरावांच्याही पायाला त्यानं हात लावला, तसे ते पाय मागं घेत म्हणाले, "पाय नंतर. आधी शिडी."

देवळाचे चिटणीस पद्मनाभराव वकील हसले. दाराशेजारी भिंतीत एक दगड बसवला होता, त्यावर लाल पंचा टाकलेला. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही वरून खाली या, मग तुम्हाला एक गंमत दाखवतो." जयतीर्थरावांना गंमत या गोष्टीचा तिटकारा होता. ते शिडी चढले.

सभागृहावरचं काम त्यांनी तासभर तपासलं. पट्टीची कड उचलून पाहिली, प्रत्येकीला चार खिळे. खाली अस्तर होतं. डांबरावर अंगठा दाबला तर ठसासुद्धा उमटेना. एकतीस वर्षांत इतकं नेमकं काम त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळंच त्यांना संशय आला. पुंडलिकासारखा माणूस उगाच चार खिळे मारील? मारणारा दोनच मारतो आणि चाराचे पैसे मागतो. तपासत तपासत ते उतारानं खाली सरकले, गाभाऱ्यावरच्या भागापाशी आले, आणि खालून आरोळी उठली.

"अण्णा, ब्याडरी, ब्याडरी! तिथं पाय नको!" पुजारी बाळाचार्य अंगणातून दोन्ही हात हलवत होते. "खाली देव बसलाय. देवाच्या माथ्यावर पाय देता?"

"मग पुंडलिकाच्या माणसांनी काय हवेत तरंगून खिळे ठोकले?"

"तेव्हा देव नव्हता. प्रतिष्ठा हनुमान जयंतीला झाली. छप्पर संपलं त्याच दिवशी."

"मुहूर्त कुणी काढला?"

"मुहूर्त मीच काढला. पण पुंडलिकच म्हणाला, आचार्य, तपासणी काय, मागाहून होईल. एवढा चांगला दिवस घालवू नका."

जयतीर्थरावांना सगळं लख्ख समजलं. वाहवा रे भाविका! जिथं पुन्हा कुणाचा पाय पडायचा नाही, नेमकी तेवढीच जागा यानं आपल्यासाठी राखून ठेवली होती. चोर त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण मारुतीला पहाऱ्यावर बसवून चोरी करणारा हा पहिलाच. आणि खाली जमलेली ही शहाणी मंडळी! दुकानात खोबरं घेताना दहा वाट्या वाजवून पाहतील, आणि देवाच्या डोक्यावरचं छप्पर न पाहता पसंत करतील. त्यांना सगळ्यांचीच शिसारी आली. मग त्यांनी पुढं टाकायला पाय उचलला, आणि तो उचललेलाच राहिला. आपलाही पाय तिथं पडत नाही, हे पाहून त्यांना स्वतःचीही थोडी आली.

ते मागं फिरून वरच्या टोकाला गेले. "आचार्य, माझा पाय चालत नाही. पाणी चालतं का?"

बाळाचार्यांनी डोळे मिटून विचार केला. पाण्याला दोष नव्हता.

महादेव गवंड्यानं विहिरीचं पाणी दोरानं वर दिलं. घागरीमागून घागर जयतीर्थरावांनी उतारावर सोडली. पाणी सभागृहावरून सरळ वाहत गेलं, थेंबसुद्धा आत शिरला नाही. गाभाऱ्यावर मात्र ते पोचलं आणि पट्ट्यांत जिरायला लागलं. बाराव्या घागरीला खाली एकच गलका झाला.

जयतीर्थराव घाईघाईनं उतरले. सापडला लेकाचा! आता मंडळी पुंडलिकाला धरून जाब विचारत असतील, असं त्यांना वाटलं. आत येऊन पाहतात तर सगळे हात जोडून उभे. मारुतीच्या शेंदरी कपाळावरून तपकिरी ओघळ उतरत होता आणि हनुवटीवरून टपटप गळत होता.

"नोड्री, नोड्री! बघा, देवाला घाम फुटला," बाळाचार्य गहिवरून म्हणाले. "भर वैशाखात! जागृत आहे हो, जागृत आहे."

सर्वांत आधी दंडवत घातला तो पुंडलिकानं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेवढं तर त्याच्या छपरातूनसुद्धा गळलं नव्हतं.

जयतीर्थरावांनी उंबऱ्यावर पडलेल्या थेंबात बोट बुडवलं आणि हुंगलं. "घाम कसला? घासलेट आहे! डांबरात घासलेट घालून पातळ केलंय. एकच थर दिलाय, आणि अस्तर तर नाहीच."

"अण्णा, असं बोलू नये," कुणीतरी म्हणालं. बायकांची रांग लागली होती, घाम तीर्थ म्हणून न्यायला. रांगेत हातात वाटी घेऊन त्यांची स्वतःची बायको, वत्सलाबाई, उभी होती. जयतीर्थरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पद्मनाभरावांना बाहेर ओढलं. "मी सही करणार नाही. पावसाळा येऊ द्या, देव पाण्यात उभा राहील."

"नका करू," वकील शांतपणे म्हणाले, "सहीची आता गरजच नाही." आणि त्यांनी दगडावरचा लाल पंचा काढला.

दगडावर देणगीदारांची नावं होती, खाली पुंडलिकाचं, आणि त्याच्याही खाली खोल अक्षरांत कोरलेलं: छप्पर तपासून पसंत केले, रा. रा. जयतीर्थ नारायण कट्टी, निवृत्त ओव्हरसियर.

"बेळगावहून कोरून आणलाय," वकील म्हणाले. "तुमची तपासणी म्हणजे होणारच, असं धरून चाललो. आता दगड का फोडायचा? शंभर वर्षं नाव राहील."

जयतीर्थराव दगडाकडे पाहत राहिले. एकतीस वर्षं जे कुणाला दिलं नाही, ते या लोकांनी न विचारता घेऊन भिंतीत बसवलं होतं.  

अंगणाच्या कोपऱ्यात पुंडलिकाचं उरलेलं डांबराचं पिंप होतं. त्यांनी वरचं पातळ ओतून दिलं. तळाशी घट्ट, अस्सल डांबर बसलं होतं. कुंचा बुडवून ते दगडापाशी आले आणि आपल्या नावाची ओळ त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळी केली.

"अण्णा, हे काय करता!" वकील ओरडले.

"काम."

ते पायरीवर बसले. थर वाळेपर्यंत थांबायचं असतं. ऊन कडक होतं, पुष्कळ वेळ गेला. लोक गाभाऱ्यातून एकेक करून बाहेर येत होते, बघत होते, पण जवळ कुणी येईना. त्यांनी उठून दुसरा थर दिला आणि पुन्हा बसले. वत्सलाबाई बाहेर आल्या. त्यांनी दगडाकडे पाहिलं, नवऱ्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं, वाटी नाकाशी नेली, आणि तुळशीकट्ट्यामागं जाऊन ती पालथी केली. मग पायरीवर नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

ऊन कलल्यावर जयतीर्थरावांनी अंगठा दाबून पाहिला. ठसा उमटला नाही. तेव्हा त्यांनी तिसरा थर दिला. साऱ्या देवळात, गाभाऱ्यापासून दारापर्यंत, करारातले तिन्ही थर एकावर एक पडताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते तेवढ्या एका ओळीवर.