आत्याच्या नावाची कोळीण

मी एक कोळीण बोलतेय; मासळीवाली नव्हे, आठ पायांची, जाळं विणणारी. अल्कोहोलच्या बाटलीतून बोलतेय, म्हणून आवाज दबका वाटेल. खरं सांगायचं तर तो लाजेनं दबलाय.

माझा जन्म घनदाट पावसाळी जंगलातला. अंग हिरवंगार, जाळं ऐसपैस. जाळ्याच्या कोपऱ्यात माझा नवरा बसायचा. तिळाएवढा, तपकिरी, बिचारा! माझं पोट भरलंय याची खात्री झाल्याशिवाय पुढे यायचा नाही.

एकदा कोळ्यांची पाहणी करणारी संशोधक बाई आली. तिनं मला अलगद बाटलीत घातलं. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "हा कोण चोरटा? दुसरीच्या जाळ्यात फुकट जेवायला आलाय!" असे चोरटे कोळी असतात खरे. तो गेला वेगळ्या बाटलीत.

सूक्ष्मदर्शकाखाली तिनं आमचे डोळे, पाय, केससुद्धा तपासले आणि दोन नव्या जाती ठरवल्या. आधी त्याचं वर्णन छापलं, नाव ठेवलं 'तपकिरी'. नंतर माझं. मला तिनं आपल्या आत्याचं नाव दिलं. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं होतं. त्या नादात आत्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं.

आत्या मला बघायला ठेवणीतले कपडे घालून आली. "कोळी दिसला की किंचाळायचे मी. आता घरातली जाळी काढायला हात धजत नाही गं!"

मी फुगले. पाहुणे यायचे, 'दुर्मीळ' म्हणायचे. खालच्या फळीवर नवरा होता. मी ओळखसुद्धा दाखवली नाही. मरताना मी आठही पाय पोटाशी घेतले होते, पण आता लाजेनं लपवू म्हटलं तरी तोंड काही लपत नाही.

पुढच्या पाहणीत बाईनं माझ्यासारख्या मादीशी एका तपकिऱ्याचं मीलन होताना पाहिलं. परतली ती चेहरा पाडून. एकाच जातीला दोन नावं पडली, तर आधी छापलेलं टिकतं. तिनं चुकीची दुरुस्ती छापायला पाठवली आणि आत्याला बोलावून घेतलं.

"आत्या, तुझं नाव गेलं. मला मेलीला साधे नवरा-बायको ओळखता आले नाहीत. तुला तोंड कसं दाखवू?"

आत्या आमच्याकडे बघत राहिली. "म्हणजे हा हिचा नवरा? आणि तू त्याला चोर म्हणालीस?"

"हो."

"मग माझं नाव पुसणार?"

"पुसत नाहीत. त्याच्या नावाखाली जुनं नाव म्हणून राहतं."

"मग रडतेस कशाला? माझ्या नावाची पोर सासरी गेली म्हणायचं. माझं नाही झालं, तिचं तरी झालं. आधी त्या दोघांना शेजारी ठेव बघू."

आता त्याची बाटली माझ्या बाटलीला टेकलेली आहे. माझा हिरवा रंग अल्कोहोलमध्ये केव्हाच उतरला. मीही तपकिरीच दिसते.

जंगलात गेलात, तर जाळ्याच्या कोपऱ्यातल्या बारक्याला लगेच चोर म्हणू नका. बाईला तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं.