कापडातल्या पेशी

भाचीला जन्मापासून दिसत नव्हतं. विज्ञानाच्या बाई फळ्यावर पेशींच्या आकृत्या काढत, तेव्हा ती नुसती ऐकत बसे.

"मावशी, सगळ्यांना कळतं. मीच तेवढी ठोंब्यासारखी बसते."

मावशीची शाळा सातवीत सुटलेली, पण शिलाई मशीनवर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं पुस्तक उघडलं, एकेक ओळ मोठ्यानं वाचली, अडलं तिथं बाईंना गाठून विचारलं आणि कात्री हातात घेतली.

वनस्पतीच्या पेशीला तिनं जाड कॅनव्हासची भित्तिका दिली, आत हरितलवकं म्हणून हिरवी बटणं. प्राण्याच्या पेशीला नुसतं मऊ साटीन, पोटात कापसाचं घट्ट गोल केंद्रक. जीवाणू छोटा, वरून कडक. आत केंद्रक नाही, डीएनए म्हणून लोकरीचं एक वेटोळं मोकळंच.

विषाणू शिवताना ती थबकली. "याच्यात एवढासा धागा आणि वर कवच? बाकी काहीच नाही?"

"नाही. म्हणून तर तो दुसऱ्याच्या पेशीत शिरून आपल्या नकला काढून घेतो."

"आयत्या बिळावर नागोबा," मावशी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. मावशी दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. परीक्षकांनी शाळेचा प्लॅस्टिकचा नमुना भाचीपुढे ठेवला. तिनं तो सावकाश चाचपला.

"प्राण्याची पेशी."

"पाटीवर तर जीवाणू लिहिलंय," परीक्षक म्हणाले.

भाचीनं पुन्हा एकदा बोटं फिरवली.

"पाटी मला दिसत नाही, सर. पण याला भित्तिका नाही आणि आत केंद्रक आहे. जीवाणूत केंद्रक नसतं."

परीक्षकांनी नमुना उचलून नीट पाहिला, मग शेजारचा पाहिला. "बाई, या पाट्यांची अदलाबदल कधीपासून झालीय?"

बाई ओशाळल्या. "सर, आजवर सगळे पाटी वाचूनच उत्तर देत आले."

"हिला कुणी शिकवलं?"

"मावशीनं," भाची म्हणाली. "बाहेर बसलीय. कपडे शिवते."

परीक्षक स्वतः उठून दाराशी आले आणि त्यांनी हात जोडले. मावशीनंही उठून हात जोडले. सातवीत शाळा सोडल्यापासून शाळेच्या इमारतीत ती कायम मान खाली घालून वावरायची. त्या दिवशी मात्र भाचीचा हात धरून ती ताठ मानेनं, अगदी मधल्या वाटेनं बाहेर पडली.