आप्पांचं उलटं आमंत्रण

"आप्पा, माउसवरचा हात काढा! पहिले हात काढा!"

पूर्णिमा कणकेने माखलेल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या सासऱ्यांनी, देवराम आप्पांनी, विंचू दिसावा तसा माउस सोडला. पडद्यावर व्हॉट्सॲप उघडं होतं आणि आप्पांनी बोटही न लावता त्यांच्या नावाने मेसेजमागून मेसेज सुटत होते. 'लग्नपत्रिका पाठवत आहे. सहकुटुंब यावे. कॉम्प्युटरवर उघडून पाहावी.' खाली एक फाइल चिकटवलेली. समाजातल्या मालूबाई, झेरॉक्सवाला ललित, जुने शेजारी, किराणावाला, देवळातले पुजारी, सगळ्यांना पत्रिका चालली होती.

पूर्णिमाने भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची वायर उपटली, कॉम्प्युटर बंद केला, मग आप्पांचा फोन घेऊन त्यातलं कॉम्प्युटरचं कनेक्शन तोडलं. फोनला कणीक लागली. एवढं झाल्यावर तिने श्वास घेतला.

"काय उघडलं होतं तुम्ही?"

"डोईफोडिया गावच्या धर्मेंद्रची पत्रिका आली, ते उघडली."

"धर्मेंद्रकाकांच्या घरी लग्नाचं आहे कोण?"

आप्पांनी मनातल्या मनात धर्मेंद्रच्या घरातली माणसं तपासली. "कोनीच नाही," ते म्हणाले. "मले वाटलं, ठरलं असन घाईत."

"उघडायच्या आधी मला आवाज द्यायचं ठरलं होतं ना आपलं?"

"पत्रिका होती, बेटा. कोनाची पत्रिका तशीच ठेवतात का?"

या घरात पत्रिका तशी खरंच ठेवत नसत.

देवराम आप्पांनी आयुष्यभर इतवारा बाजारातल्या एका कापड दुकानात थानं उलगडली आणि घड्या घातल्या. पण समाजात त्यांची ओळख वेगळी होती. कुणाच्याही घरी लग्न निघालं की आमंत्रणाला आप्पा हवेत. बंद गळ्याचा कोट, पांढरी टोपी, हातात अक्षतांची वाटी. दारात उभं राहून ते घरातल्या प्रत्येकाचं नाव घेत, अगदी पाळण्यातल्या पोराचंसुद्धा, आणि मग म्हणत, "यायचं बरं." आप्पांनी बोलावलं आणि माणूस आला नाही, असं सहसा होत नसे. रुसलेले जावईदेखील आप्पांच्या एका फेरीत मांडवात येऊन बसत.

पूर्णिमाची ख्याती दुसरीच. ती एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीत हिशेब लिहायची. मागे पेढीचा कॉम्प्युटर व्हायरसने खाल्ला, तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या खुर्चीला खुर्ची लावून ती शिकली, आणि शिकलेलं वाया जाऊ देण्याचा तिचा स्वभाव नव्हता. हळदीकुंकवाला गेली तरी तिच्या पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी पेन ड्राइव्ह असे. वाण घेण्याआधी ती त्या घरच्या कॉम्प्युटरची नाडी बघे. नको ते प्रोग्राम उपटून टाकी, राहिलेले अपडेट चढवी, घरच्या फोटोंची दुसरी प्रत काढून कपाटात ठेवायला लावी. वर प्रवचनही देई: "घाबरवणारा मेसेज खोटा. घाई करणारा मेसेज चोराचा. माझ्या नावानं आला तरी विश्वास ठेवायचा नाही." बायका तिला 'व्हायरसवाली सून' म्हणत. तिला ते नाव मनापासून आवडे. नवरा स्वप्निल नोकरीपायी इंदूरला असायचा, पण तो घरी असता तरी 'पूर्णिमाला विचारा' यापलीकडे त्याने काही सांगितलं नसतं.

आप्पांना फोनची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून तिनेच हा मोठा पडदा घेतला होता. तिच्या पासवर्डशिवाय त्यात नवं काही बसत नसे. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "घर माझं, खुर्ची माझी, अन् चावी सुनेकडे." पण हा व्हायरस आत शिरून बसायला आलाच नव्हता. घराला कुलूप होतं, आणि चोर ओसरीवर बसून आप्पांच्या आवाजात गावाला हाका मारून गेला.

पूर्णिमाने हात धुतले आणि समाजाच्या ग्रुपवर स्वतःच्या फोनवरून लिहिलं: 'आप्पांच्या नावाने आलेली पत्रिका कोणीही उघडू नका. त्यात व्हायरस आहे. ताबडतोब डिलीट करा.'

थोड्या वेळात मालूबाईंचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला, खणखणीत.

"पूर्णिमा, बेटा, तुझ्या नावानं कोनीतरी खोटे मेसेज टाकून राहिलं. म्हने आप्पाची पत्रिका उघडू नका! आप्पाची पत्रिका कोन नाही उघडनार व माय? तूच सांगितलं होतं, घाबरवनारा मेसेज खोटा असतो. मी त्याले ब्लॉक करून टाकते. तू फिकर नको करू."

पूर्णिमाने फोन लावला. लागेना. मालूबाई शब्दाला जागल्या होत्या. आणखी दोघातिघांना लावला, तर एकजण म्हणाले, "आजकाल आवाज बी नकली काढतात म्हने, तुमीच सांगितलं," आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांची शिकवण एका सकाळी सगळ्यांच्या डोक्यात एकदम उतरली होती. तिला हसावं की रडावं कळेना.

आप्पा मात्र हसत नव्हते. खुर्चीत बसून ते काळ्या पडद्याकडे पाहत होते.

"त्या पत्रिकेनं होते काय, सांग मले."

"जो उघडेल त्याच्या कॉम्प्युटरमधून पुढे जाते. त्याच्या नावानं. आणि बँकेचे पासवर्ड वगैरे असले तर चोरते."

"म्हंजे देवरामनं बोलावलं, लोकायनं दार उघडलं, अन् चोर घरात घुसला."

"तुम्ही नाही बोलावलं, आप्पा."

"नाव कोनाचं होतं?"

हेच खरं होतं. आप्पांजवळ ना शेत होतं ना दुकान. होतं ते एवढंच, की त्यांच्या शब्दावर लोक दार उघडत. तेच आज पणाला लागलं होतं. पूर्णिमाला त्यांची इतकी कणव आली की तिने उगाचच टेबल पुसायला घेतलं.

आप्पा उठले. खुंटीवरचा बंद गळ्याचा कोट अंगात घातला, टोपी नीट केली. "चाल," ते म्हणाले. "ज्याले पायी गाठता येते त्याले फोनवर सांगायचं नसते. मी समोर उभा राह्यलो तर नकली म्हननार नाहीत."

बाहेर पडताना सवयीने त्यांचा हात कोनाड्यातल्या अक्षतांच्या वाटीकडे गेला, आणि तसाच मागे आला.

मग इतवाऱ्याने त्या दिवशी एक नवल पाहिलं. लग्नसराईचे दिवस, रविवारची भर बाजाराची वेळ, सून स्कूटी चालवते आहे आणि मागे आमंत्रणाच्या पोशाखात आप्पा. मालूबाईंनी दारातच विचारलं, "बसा, बसा. कोनाचं लगन?"

"कोनाचंच नाही. मालू, माझ्या नावानं पत्रिका आली, ते उघडू नको. तुझ्या हरीलेबी सांग. सुनेलेबी सांग. अन् लहान्या पिंकीलेबी." आप्पांनी घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं, अगदी आमंत्रण देताना घेत तसं. शेवटी सवयीने "यायचं बरं" तोंडाशी आलं, ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "उघडायचं नाही बरं."

मालूबाईंनी आप्पांकडे पाहिलं, पूर्णिमाकडे पाहिलं आणि जीभ चावली. "म्हंजे तो मेसेज तुझाच होता व?"

"माझाच. आता मला अनब्लॉक करा."

घरोघर हेच झालं. लोक चहा पुढे करत, आप्पा नाव घेऊन घेऊन 'उघडायचं नाही बरं' म्हणत. बऱ्याच जणांनी पत्रिका उघडलीच नव्हती, कारण आप्पा स्वतः येतील अशी वाट बघत बसले होते. पूर्णिमाने मनात नोंद केली की आपल्या प्रवचनापेक्षा ही जुनी खोड जास्त कामी आली. ललितने मात्र उघडली होती. त्याच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून पत्रिका पुढे निघालीही होती. पूर्णिमा बाह्या सारून बसली. आधी इंटरनेट तोडलं, मग व्हायरसचं मूळ शोधून काढलं, आणि स्वतःच्या फोनवरून ललितला बँकेचा पासवर्ड बदलायला लावला. तिची बोटं अशी चालत होती, जशी एके काळी आप्पांची थानावर चालत. ललितचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण कुणी हलेना.

"झालं," ती म्हणाली. "काही गेलं नाही तुझं. दोन दिवस बँकेवर नजर ठेव, बस."

तोवर आप्पा ललितपुढे हात जोडून उभे होते. ललित त्यांच्या नातवाच्या वयाचा. "अरे आप्पा, ऐसा मत करो," तो कासावीस होऊन म्हणाला. "हात नका जोडू. तुमचं नाव पाहिलं म्हणून तर उघडली."

"म्हनूनच जोडतो," आप्पा म्हणाले.

दुकानाबाहेर पूर्णिमाने आप्पांचा फोन काढून राहिलेली नावं पाहिली. आता एकच उरलं होतं. 'अक्का.'

या नावाची गोष्ट घरात कुणी काढत नसे. सिंधीपुऱ्यात राहणारी धुरपदाबाई ही आप्पांची थोरली बहीण. पूर्णिमा आणि स्वप्निलचं लग्न ठरलं, त्याच वर्षी अक्कांचे यजमान गेले होते. कुणीतरी शहाण्याने सांगितलं, विधवेच्या दारात अक्षत नेऊ नका, पोरांच्या संसाराला बरं नाही. गावभर फिरणारे आप्पा सख्ख्या बहिणीच्या दारात गेले नाहीत. दुकानातल्या माणसाच्या हाती पत्रिका धाडली. अक्का लग्नाला आल्या नाहीत आणि नंतर बोलल्याही नाहीत. घरात सिंधीपुऱ्याचं नाव निघालं की कुणीतरी उठून पंखा मोठा करत असे.

"आप्पा, आत्याबाईंनापण गेली आहे."

आप्पांनी नुसती मान हलवली. ते त्यांना माहीत असावं.

"तुम्ही घरी चला. मी एकटी सांगून येते."

"नको," आप्पा म्हणाले. "तवाबी दुसऱ्याच्याच हातानं पाठोली होती."

अक्का दारातच गहू निवडत बसल्या होत्या. स्कूटी थांबली तशी त्यांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा सुपात घातली. खडा सापडला, तो बाजूला टाकला.

"अक्का," आप्पा पायरीखालूनच म्हणाले, "तुले माझ्या नावानं पत्रिका आली असन."

"आली."

"उघडली का?"

"नाही उघडली. हातानं दिल्याशिवाय मी पत्रिका उघडत नाही. तुले माहीत आहे."

सगळ्या गोतात एवढी पक्की बाई पूर्णिमाने पाहिली नव्हती. एरवी तिने शाबासकी दिली असती. आज तिने खाली बसून हळूच समजावलं. पत्रिका खोटी आहे, यंत्राने आपोआप पाठवली, फोनात पडून राहिली तर उद्या कुणी नातवंड कॉम्प्युटरवर उघडून बसेल. "द्या आत्याबाई, पुसून टाकते."

अक्कांनी कमरेचा फोन काढला, पण दिला नाही.

"यंत्रानं पाठोली?"

"हो. आप्पांच्या फोनात जेवढे नंबर आहेत तेवढ्यांना गेली."

"म्हंजे माझा नंबर याच्या फोनात हाये."

"आहे ना. 'अक्का' म्हणून."

अक्कांचा हात सुपात थांबला. मग फोन दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "मी उघडत नाही. कोनाले उघडूबी देत नाही. पन पुसू नको. इतक्या वर्षानं त्याच्या नावाचं काही आलं."

पूर्णिमाने आजवर किती घरांतली किती घाण डोळा न लववता पुसली होती. आज तिचा पुढे केलेला हात तसाच राहिला. ठेवणंही बरोबर नव्हतं आणि पुसण्याचा तिला धीर होईना.

आप्पा पायऱ्या चढून वर आले. त्यांनी टोपी सारखी केली.

"पुसू दे तिले, अक्का. ते मी नाही पाठोलं. माझं मी देतो. घरात तांदूळ हायेत?"

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा मुठीत तांदूळ होते. पूर्णिमाने न सांगताच पर्समधली कुंकवाची डबी उघडून पुढे धरली. आप्पांनी तांदळाला कुंकू लावलं.

"लगन कोनाचं?" अक्कांनी विचारलं. आवाज कोरडा होता, हात मात्र पुढे आला होता.

"लगन नाही कोनाचं. जेवन हाये. आज. घरी मी, अन् ही पूर्णिमा." घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, म्हणून आप्पांनी अक्कांच्या मागे भिंतीवर असलेल्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, मेहुण्यांचं नाव घेतलं, मग अक्कांचं. "धुरपदाबाई. यायचं बरं."

त्यांनी अक्षत अक्कांच्या तळहातावर ठेवली. अक्कांनी ती पदराच्या टोकाला बांधली. गाठ पक्की बसली का, ओढून पाहिलं. मग फोन पूर्णिमाच्या हातात दिला.

"घे," त्या म्हणाल्या, "पूस आता."